मेल्यानंतरची पावलं

जंगू आत्राम सावरटोल्याच्या पोलीस ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या लुंगीतून पाणी गळत होतं आणि थंडीनं दातावर दात आपटत होते.

"बाई, तलावात मानूस हाये," तो म्हणाला. "बेशरमीच्या झुडपात. मेला हाये."

ठाणेदार सत्यशीला खोब्रागडेनं हातातला चहा तसाच ठेवला. माणसाकडे पाहिलं की त्याच्या जमेला काय आणि नावे काय, हे तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जायचं. जंगूच्या जमेला एवढंच दिसलं, की पळून जाण्याऐवजी तो इथं आला होता. नावे काय पडणार होतं, ते अजून त्यालाही ठाऊक नव्हतं.

मूल शहराहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. एक तलाव, एक राईस मिल, आणि भोवती धान कापून मोकळ्या पडलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तलावाच्या काठानं बेशरमीची दाट झुडपं वाढलेली. त्यांच्यात पालथा पडलेला माणूस धान्याची प्रत तपासणारा ग्रेडर होता. नाव प्रफुल गुरनुले. डोक्याला मागून मार होता. डाव्या मनगटावर स्मार्टवॉच होतं. सत्यशीलानं हात उचलला तशी त्याची काच उजळली. माणूस थंडगार, घड्याळ मात्र ताजंतवानं.

हवालदार पत्रूभाऊंनी हळूच स्वतःच्या मनगटावरून बाही खाली ओढली. तसंच घड्याळ त्यांच्याकडेही होतं, मुलीनं दिलेलं. आपल्याला झोप नीट लागली का, हे ते रोज सकाळी त्याला विचारत आणि मग ठाण्यात येऊन सगळ्यांना सांगत. सत्यशीलाच्या मते ते खेळणं होतं. झोप लागली की नाही हे ज्याला घड्याळाला विचारावं लागतं, त्यानं पुन्हा झोपावं, असं ती म्हणायची.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माणसं जमली. सर्वांत आधी मिलमालक गोपाल वाढई चढून आला. धापा टाकत, कमरेवर हात ठेवून त्यानं आधी श्वास गोळा केला आणि मग हळहळ व्यक्त केली. गावातल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींचा तो अध्यक्ष. प्रफुल त्याच मंडळातला.

"मॅडम, त्याचं घड्याळ पाहा," गोपाल म्हणाला. "नाडी मोजते ते. जीव कवा गेला ते बरोबर सांगन."

डॉक्टरांनी फारसं काही सांगितलं नाही. थंड पाण्यातलं प्रेत. आदल्या सकाळपासून अंधार पडेपर्यंत केव्हाही, एवढंच ते म्हणाले.

प्रफुलची बायको रंजीता आदल्या संध्याकाळीच गडचिरोलीहून, माहेराहून परतली होती. नवरा घरी नव्हता. त्याचा फोन मात्र चार्जिंगला लावलेला होता. तिला वाटलं, घाईत विसरून चंद्रपूरला गेला.

"चंद्रपूरला कशाला?" सत्यशीलानं विचारलं.

"बयान द्यायचं होतं. कोणी तरी रेशनचा जुना तांदूळ घासून नवा म्हणून सरकारले देऊन राह्यलं, म्हणे. कोण ते मले सांगितलं नाई. म्हणत होते, तुले जेवढं कमी माहीत तेवढं बरं." तिनं फोन उघडायचा आकडा सांगितला आणि पदर तोंडात धरला.

घड्याळ फोनला जोडल्यावर पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक नाडीची, दुसरी पावलांची. पत्रूभाऊंनी चष्मा लावला आणि जणू स्वतःचाच शोध असावा तसं समजावून सांगू लागले. पहाटे प्रफुल चालला. नाडी चढली, उतरली, पुन्हा चढली. मग थोडा वेळ दोन्ही रेघा गायब.

"आंघोळीले काढलं असन," पत्रूभाऊ म्हणाले.

त्यानंतर दुपारपर्यंत तो चालतच होता. आणि मग, तीनच्या सुमारास, दोन्ही रेघा एकदम तुटल्या.

"हे पाहा बाई. इथी गेला बिचारा."

"आणि हे काय?" तिनं बोट ठेवलं. अंधार पडल्यानंतर पावलांची रेघ पुन्हा थोडीशी उठून निजली होती. "मेल्यावर चालला?"

पत्रूभाऊंनी विचार केला. "पान्याच्या लाटेनं हात हालला असन."

सत्यशीलाला ते पटलं नाही. बेशरमीच्या जाळ्यात अडकलेलं ते पाणी तिनं सकाळी पाहिलं होतं. तिथं पानसुद्धा हलत नव्हतं.

जंगूला तिनं समोर बसवलं. काल दुपारी कुठं होता, असं विचारलं.

"तलावावरच होतो. मासे धरायचा पिंजरा लावत होतो."

"किती वाजता?"

"घड्याळ कुठी हाये मायापाशी. मिलचा आवाज बंद झाला ना, तवा मी पान्यातच होतो. एकदम चूप झालं सगळं. मंग टिटवी ऐकू आली."

"मिल संध्याकाळी बंद होते."

"काल दुपारीच झाली. लाईन गेली म्हनत होते, करंट नव्हता."

"प्रफुलशी तुझं भांडण होतं?"

जंगूनं मान खाली घातली. "मागं त्यानं माया पिंजरा काढून फेकला होता. फिराच्या रस्त्यात येते म्हने. मी बोललो होतो त्याले. पन मारीन काऊन? मेलेला दिसला तं मीच आलो ना सांगाले."

खरं बोलणाऱ्या माणसाचा हाच घोटाळा असतो. स्वतःच्या विरुद्धची प्रत्येक गोष्ट तो स्वतःच आणून देतो.

दुपारी वरून फोन आला. साहेबांना घड्याळाचं कळलं होतं. मरणाची वेळ ठरली, त्या वेळी माणूस तिथं होता, भांडण जुनं. मग आणखी काय हवं? संध्याकाळपर्यंत त्याला चंद्रपूरला रवाना करा.

ठाण्याबाहेर जंगूची बायको सुकरी कडुनिंबाखाली बसली होती. ती रडत नव्हती, काही विचारतही नव्हती. सत्यशीला बाहेर आली तशी ती एवढंच म्हणाली, "माया भासऱ्यालेई असंच नेलं होतं बाई. तो सुटला, तवा त्याचा लेक त्याले ओळखत नव्हता." जंगूची स्वतःची लेक रीना तिच्या मांडीवर झोपली होती.

भासरा म्हणजे जंगूचा थोरला भाऊ. तेवढं ऐकून सत्यशीला जीपकडे वळली.

मिलमध्ये कोंड्याचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज होता. गोपालच्या खोलीत भिंतीवर फिरणाऱ्या मंडळाची प्रशस्तिपत्रं होती. महिन्यात सर्वांत जास्त पावलं कोण चालला, याची ती स्पर्धा. सगळी गोपालच्याच नावाची. कालचा फोटोही तो मोबाईलवर दाखवायला तयार होता. गडचिरोलीला मिलवाल्यांची बैठक, व्यासपीठावर गोपाल, हात उंचावलेला.

"सकाळी साडेदहाची गाडी धरली, परत आलो तं अंधार झाला होता," तो म्हणाला. "इतक्या मानसांनी पाह्यलं मले."

"त्याआधी?"

"झोपलो होतो. थंडी किती पडून राह्यली. आणि रात्री आलो तसा सरळ घरी."

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. मग प्रशस्तिपत्रांकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे. हिशेब कुठंच जुळत नव्हता. सकाळी एवढीशी पाळ चढताना ज्याचा भाता फुटायला आला, तो महिनोन्‌महिने गावात सर्वांत जास्त कसा चालतो?

यंत्रावर लटारू मेश्राम होता. त्याला तिनं बाहेर धानाच्या पोत्यांशी बोलावलं.

"तुमचे मालक फार चालतात म्हणे?"

लटारू आधी बिचकला, मग त्याला हसू आवरेना. "कायचे चालते बाई. मालक खुर्चीत बसते अन चालनं चाळनीवर होते." त्यानं आत बोट दाखवलं. धान साफ करणारी मोठी चाळणी दिवसभर थडथड हलत होती. तिच्या दांडीला गमछ्याची गुंडाळी करून बांधायची आणि तिच्यावर घड्याळ, असा तो प्रकार. मिलमधल्या सगळ्यांना ठाऊक. गमछ्याला कोणी हात लावायचा नाही, एवढी ताकीद.

"काल होता गमछा?"

"होता ना. मी आलो तवा बांधूनच होता. गुंडाळीवर पट्टा दिसला काळा. म्हनलं, मालक गडचिरोलीले गेले अन घड्याळ इथंच इसरले."

"लाईन गेली तेव्हा?"

"तवाई होता. मी मालकाले कळवलं, मंग त्यायचा फोन आला. म्हनले, आज चालू नको करा आता, घरी जा सगळे. सकाळी पाहतो तं नाई."

सत्यशीला बराच वेळ त्या थडथडणाऱ्या चाळणीकडे पाहत राहिली. मग तिनं पत्रूभाऊंना हाक मारली आणि हात पुढं केला. हवालदारांनी घड्याळ काढून दिलं. कानातली बाळी काढून द्यावी तशा चेहऱ्यानं.

ऊन कलताना तिनं गोपाल वाढईला यंत्रांजवळ बोलावलं. रंजीता होती, लटारू होता. जंगूलाही पत्रूभाऊंनी जीपमधून आणलं होतं. त्याला न्यायला येणाऱ्या चंद्रपूरच्या पोलीस गाडीचा रस्ता मिलवरूनच जात होता आणि ती गाडी केव्हाही येणार होती.

"चालू कर," ती लटारूला म्हणाली.

चाळणी हलू लागली. गमछ्याच्या गुंडाळीवर पत्रूभाऊंचं घड्याळ घट्ट बांधलेलं. थोड्या वेळानं तिनं यंत्र थांबवायला लावलं आणि पडदा सर्वांना दाखवला. पावलं वाढली होती. नाडीही आली होती.

"गमछ्याले नाडी," पत्रूभाऊ पुटपुटले. आपल्या झोपेबद्दल त्यांना प्रथमच शंका आली असावी.

"मागून उजेड टाकायचा आणि पुढं काय हलतं ते मोजायचं, एवढंच याचं काम. हातात रक्त हलतं. इथं चाळणी हलली. मोजायला काहीतरी मिळालं म्हणजे झालं." सत्यशीला गोपालकडे वळली. "प्रफुलच्या घड्याळाच्या दोन्ही रेघा पहाटे वेगवेगळ्या आहेत. माणूस थांबतो, नाडी उशिरा उतरते. नंतर दिवसभर मात्र दोन्ही एकमेकींना चिकटून. चढ नाही, उतार नाही, जेवण नाही, बसणं नाही. असा कोणता माणूस चालतो?"

गोपाल हसला. "मॅडम, मले काय विचारता. मी गडचिरोलीत होतो."

"दुपारी होता. प्रफुल दुपारी मेलाच नाही. तो पहाटे फिरायला निघाला तेव्हा तुम्ही त्याच्यासोबत होता. आज चंद्रपूरला जाऊ नको, असं सांगितलं असेल. त्यानं ऐकलं नाही. गावात मिल एकच; जुना तांदूळ तुमच्याकडेच घासला जातो. मागून डोक्यात घातलंत, झुडपात लोटलंत आणि घड्याळ काढून घेतलंत. रेघा गायब आहेत त्या तेव्हाच्या. मग कामगार यायच्या आत ते चाळणीवर बांधलं आणि बैठकीला गेलात. मिल संध्याकाळपर्यंत चालेल, तोवर प्रफुल जिवंत राहील, आणि तुमच्याभोवती पन्नास माणसं. पण दुपारी लाईन गेली. मिल थांबली, त्याच क्षणी प्रफुलची नाडीही थांबली. आणि नेमका त्याच वेळी हा जंगू पाण्यात उभा होता. म्हणजे तुम्ही न शोधता तुम्हाला आरोपी मिळाला."

रंजीता थांबलेल्या चाळणीकडे वळून पाहू लागली.

"लाईन आली तर मेलेला माणूस पुन्हा चालायला लागेल, म्हणून तुम्ही कामगारांना घरी पाठवलंत. अंधार पडल्यावर परत आलात, घड्याळ घेतलंत, तलावाकडे गेलात आणि ते पुन्हा प्रफुलच्या मनगटावर बांधलंत. ती मेल्यानंतरची पावलं तुमची आहेत. घड्याळ तुमच्या हातात होतं."

"हे सगळं गोष्टीसारखं झालं," गोपाल म्हणाला.  "चाळनीवर मायंच घड्याळ होतं. मी इसरलो होतो. लटारूनं तेच पाह्यलं."

"फोटोत तुम्ही हात वर केला आहे. मनगटावर तुमचं घड्याळ आहे."



"घड्याळ खोटं बोललं नाही, पत्रूभाऊ," ती म्हणाली, पण नजर गोपालवरच होती. "त्यानं हालचाल मोजली. तो प्रफुलच आहे, हे आपण धरून चाललो. आता दुसऱ्या घड्याळाला विचारू. काल पहाटे तुम्ही झोपला होता म्हणालात. रात्री सरळ घरी गेलात म्हणालात. काल स्पर्धेचं चालणं बंद होतं. तुमचं घड्याळ दिवसभर तुमच्याच हातावर होतं. काढा ते."

गोपालचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि तिथंच घट्ट बसला. कोणी त्याला धरलं नव्हतं. तरी तो तसाच उभा राहिला, स्वतःचं मनगट स्वतःच पकडून.

"मी त्याले खूप समजावलं," तो शेवटी म्हणाला. "हात जोडले. आयकतच नव्हता."

रंजीता पुढं आली. मारेल असं वाटलं. पण तिनं फक्त विचारलं, "लगेच गेले का ते?"  पत्रूभाऊंनी गोपालच्या हातावरून घड्याळ उतरवलं आणि त्याच मनगटात बेडी घातली.

चंद्रपूरची गाडी आली, तिच्यात गोपाल वाढई बसला. रवानगीच्या कागदावर सत्यशीलानं नाव तेवढं बदललं आणि साहेबांना फोनवर तसं कळवलं.

ठाण्यात परतल्यावर जंगूचा साक्षीदार म्हणून जबाब हवा होता. पत्रूभाऊ त्याला आत बोलवायला गेले आणि एकटेच परत आले.

"नाई म्हनते बाई. त्या पायरीवर पाय ठेवत नाई म्हनते. तुमी सोडलं ना, मंग सोडा."

सत्यशीलानं खिडकीतून पाहिलं. सुकरीनं रीनाला खांद्यावर घेतलं होतं. जंगू तिच्या पुढं उभा होता, ठाण्याकडे पाठ करून, केव्हाही निघून जाईल असा. हुकूम केला असता तर आला असता. हुकूम कसा पाळायचा, ते त्याला ठाऊक होतं.

तिनं कागद आणि पेन उचललं. टोपी टेबलावर ठेवली. कडुनिंबाखाली जाऊन ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि कागद मांडीवर घेतला.

"बस जंगूभाऊ," ती म्हणाली. "आता तू सांग, मी लिहिते."

तो उभाच होता. सुकरीनं त्याच्या लुंगीला हळूच खाली ओढलं, तेव्हा बसला.