काळ्या कापडाखाली

दादाने बनवलेल्या पावडरीची शेवटची चिमूट आता त्याच्या धाकट्या बहिणीच्या ताब्यात होती. फुलाच्या परागासारखी पिवळी. पाण्यात ढवळून दिव्यासमोर धरली की उजेडाच्या जोरावर पाणी फोडायची आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटायचे. अशा पावडरी पुष्कळांनी केल्या. पण दादाने तिच्या कणांत असं काहीतरी किंचित मिसळलं होतं, की ती सगळ्यांना मागे टाकायची. काय मिसळलं ते सांगायच्या आतच त्याच्या फुफ्फुसांनी दगा दिला. शेवटी शेवटी श्वास कसा, तर दोन आखूड, एक लांब, मग थांबा. त्या थांब्यात उशाशी बसलेल्या धाकटीचाही जीव टांगणीला लागायचा.

आता ती चिमूट आम्लात विरघळवून घटक ओळखणाऱ्या यंत्राला द्यायची होती. काय मिसळलं ते कळलं असतं, दादाचं नाव राहिलं असतं. चिमूट मात्र गेली असती.

"ताई, आम्ल तयार आहे," यंत्रावरचा सहकारी दारातून म्हणाला. "का अजून मुहूर्त बघताय?"

"अंधाराची चाचणी राहिलीय. दादा म्हणायचा ना, आधी अंधारात गप्प बसते का बघा, मग उजेडाच्या बढाया मारा."

"त्यांचं सगळंच उलटं!" तो हसला नि गेला.

तिने चंबूत पाणी घेतलं, चिमूट सोडली, काळं कापड गुंडाळलं, चंबूसमोरचा दिवा मालवला. भेसळीचा वायू आला तर कळावा म्हणून चंबूच्या नळीचं टोक चुन्याच्या निवळीत बुडवलं. हीसुद्धा दादाचीच शिस्त.

बुडबुडे आले.

दोन बारीक. एक मोठा. मग काही नाही.

नळीत हवा राहिली असेल, म्हणून ती थांबली. पुन्हा दोन बारीक, एक मोठा. तिने कापडाला हात लावला. कोमट होतं.

"दादा?"

बुडबुडे एकदम थांबले. लहानपणी पांघरुणात लपला की हाकेसरशी तो असाच श्वास रोखून धरायचा. तिला हसू आलं, डोळेही भरले.

"नाही देणार रे तुला. देवाशपथ."

एक लांबलचक बुडबुडा सुटला.

सहकारी परत आला. "द्या आता."

"नाही द्यायची."

"अहो, दादांचं नाव..."

"राहू दे."

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर निवळीवर गेली. "तुम्ही यात फुंकलंत?"

"नाही."

"मग दुधासारखी कशी झाली? शाळेत नळीने फुंकल्यावर व्हायची तशी?"

निवळी स्तब्ध होती. तो जरा घुटमळला आणि गेला. दार लागलं.

दोन आखूड. एक लांब.

मग थांबा.

धाकटीने स्टूल ओढलं आणि ती पुन्हा उशाशी बसली.