मोजकीच घरं

बिडव्यांच्या मोरीतल्या नळाला घरातली माणसं ओळखू येत. सासूबाई पहाटे उठून गुळण्या करत, तेव्हा पाणी तुटक-तुटक वाहायचं. सुशांत दाढी होईपर्यंत नळ तसाच सोडून ठेवायचा. ओवी आंघोळीला गेली की बादली भरून वाहू लागे, आणि प्राजक्ताच्या भांडी घासण्याची धार बारीक, सलग असे. भिंतीतला मीटर या चारही धारा वेगवेगळ्या ओळखून नगरपरिषदेला कळवायचा. शिरसदऱ्यात घरोघरी असे मीटर होते. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली. मग गळती लगेच सापडू लागली, बिलं चुकेनाशी झाली, आणि मीटर भिंतीत आहे हेच लोक विसरले.

या माहितीला पुढे विजेचा वापर, शाळेतली हजेरी आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांची जोड मिळाली. त्यातून नगरपरिषदेच्या संगणकात गावातल्या प्रत्येक घराचं एक छायाघर तयार झालं. ते खऱ्या घरासारखंच वागायचं. पाणी दिवसाआड सोडलं तर या घरात काय होईल, बसभाडं वाढलं तर इथली मुलगी कॉलेज सोडेल का, हे आधी छायाघरात घडवून बघता येई. राज्य सरकारने आता नगरपरिषदांना पाच वर्षांच्या चालू खर्चाचा आराखडा सक्तीचा केला होता. पगार, पंप, रस्त्यावरचे दिवे, दवाखाना, जे जे रोज चालवावं लागतं त्या सगळ्याचा. आणि हा आराखडा छायाघरांवर चालवून दाखवल्याशिवाय अनुदानाचा रुपयाही मिळत नव्हता.

प्राजक्ता वरच्या माळाची नगरसेविका होती. माळावरच तिची खानावळ होती. आराखड्याच्या सभेला ती सकाळची पोळ्यांची परात सासूबाईंकडे सोपवून आली. मुख्याधिकारी तांबोळी साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की पाचही वर्षं घरपट्टी वाढणार नाही, पाणीपट्टी वाढणार नाही, आणि तरी खर्च भागेल. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. कुणीतरी चहा सांगितला.

प्राजक्ता आपल्या वॉर्डाचं पान बघत होती. माळावर पाणी चढवणारा पंप पहिल्या वर्षी रोज चालणार होता, दुसऱ्या वर्षी दिवसाआड. तिसऱ्या वर्षापासून पुढे त्या रकान्यात काहीच नव्हतं.

"साहेब, छपाईत चूक झालीय का? तिसऱ्या वर्षी आमचा पंप दिसत नाही."

तांबोळींनी शेजारी बसलेल्या केतकी रणपिसेकडे पाहिलं. छायाघरांचं काम ही तरुण इंजिनिअर बघत असे.

"चूक नाही, ताई," केतकी म्हणाली. "पंपाच्या विजेवरच आपला सगळ्यात जास्त खर्च होतो. तो बंद केला तर कुणाला किती त्रास होईल, ते आम्ही बघितलं. त्याला आम्ही त्रासांक म्हणतो. माळाचा त्रासांक तिसऱ्या वर्षी शून्य येतो."

"पाणी बंद करून त्रास शून्य? एवढे सुखात असू आम्ही?"

केतकीने मान खाली घातली. "शून्य येतो, कारण तेव्हा माळावर कुणी नसतं."

चहाचे कप फिरत होते. बहुतेकांनी ते वाक्य ऐकलंच नाही. प्राजक्ताने मात्र समोर आलेला कप परत केला.

सभा संपल्यावर ती केतकीच्या खोलीत गेली. दुसऱ्याचं छायाघर बघायला बंदी होती, पण स्वतःचं बघायचा हक्क प्रत्येकाला होता. तिने अर्जावर सही केली. पडद्यावर चार रंगांच्या चार रेषा उमटल्या. प्रत्येक धारेची एक.

"पिवळी तुमच्या मिस्टरांची आणि हिरवी ओवीची," केतकी सांगू लागली. त्या दोन रेषा पहिल्याच वर्षी, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, एकाच दिवशी संपत होत्या. निळी रेषा सासूबाईंची. ती दुसऱ्या उन्हाळ्यात हळूहळू बारीक होत गेली आणि थांबली. मग बराच काळ एकटी लाल रेषा चालत होती. रोज ठरल्या वेळी उठणारी, एक कळशी भरणारी, मोजकी भांडी घासणारी. प्राजक्ता त्या रेषेकडे बघत राहिली. रिकाम्या घरात वावरणारी स्वतःचीच पाठ दिसावी तसं तिला वाटलं. मग लाल रेषाही थांबली.

"मी कुठे गेले?" तिने विचारलं.

"ते यंत्राला कळत नाही, ताई. पाणी वापरणं थांबलं, एवढंच कळतं. माणूस गाव सोडून गेलं की…" केतकीने वाक्य पुरं केलं नाही.

घरी आल्यावर प्राजक्ताने सासूबाईंना दोनदा विचारलं, पाणी प्यायलात का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या वैतागल्या. "अगं, मी काय रोप आहे का?" प्राजक्ता हसली नाही. जेवताना तिचं सगळं लक्ष त्यांच्या तांब्याकडे होतं. मग तिने सुशांतला गच्चीवर बोलावून सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं तिला नंतर फार वाटलं, पण ते ओझं एकटीने पेलवणारं नव्हतं.

सुशांत माळाखालच्या कारखान्यात फोरमन होता. हिशेबी, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आधी बाहेर पडेल त्याच्या घराला भाव येईल," तो म्हणाला. "सगळ्यांना कळल्यावर या विटा कुणी फुकट नेणार नाही. बारामतीला दादाकडे ओवीची शाळा बघतो. सुट्टी संपायच्या आत जाऊ."

"सुट्टी संपायच्या आत?" प्राजक्ताने त्याचा दंड धरला. "सुशांत, ते तसंच आहे. त्या पडद्यावर तेच आहे. तू आणि ओवी, सुट्टीत, एकाच दिवशी."

"मग तूही चल. आईही येईल."

"मी वॉर्ड सोडून पळाले तर माळावर कोण राहील?"

"मी घर विकायचं कधी म्हणालो होतो आजवर? तू सांगितलंस म्हणून म्हणतोय."

ते खरंच होतं. सकाळ होताच तिने केतकीला फोन लावला. "मला एकच सांग. ती रेषा काढताना मी ती बघणार, हे त्यात धरलं होतं का?"

"हो ताई. लोकांना कळल्यावर ते वेगळं वागतात आणि आमचे अंदाज चुकतात, असं पहिल्या आराखड्यात दिसलं होतं. तेव्हापासून कळणंही धरतो."

"म्हणजे मी घरी जाऊन नवऱ्याला सांगणार, हे त्याला माहीत होतं."

"शक्यता जास्त होती, एवढंच," केतकी म्हणाली. "मी माझं स्वतःचं घर बघितलेलं नाही, ताई. धीरच होत नाही."

सुशांतने चुलतभावाला सांगितलं, चुलतभावाने बायकोला. पंधरवडा उलटायच्या आत माळावर 'घर विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. पाट्या वाढल्या तशा किमती पडल्या, आणि किमती पडल्या तसे उरलेले घाबरले. किराणा दुकानदाराने माल भरणं कमी केलं. खानावळीत जेवणारे दोन शिक्षक बदलीचे अर्ज घेऊन तालुक्याला गेले. अजून पंप रोज चालू होता, टाकी भरत होती. पाणी असताना माळ रिकामा होऊ लागला होता.

सुशांत ओवीला घेऊन गेला तेव्हा सुट्टीचे काही दिवस शिल्लक होते. निघताना ओवी म्हणाली, "आई, तू येतेस ना नंतर?" प्राजक्ताने हो म्हटलं. बस वळणाआड गेली, आणि त्या पडद्यावरची पिवळी आणि हिरवी रेषा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या दिवशी सासूबाईंनी तिला समोर बसवलं. "भिंतीला कान आहेत या घरात, आणि मलाही आहेत," त्या म्हणाल्या. "मी कधी संपते त्यात?"

"आई, तसं काही नसतं त्यात."

"मला तारीख नको सांगूस. एवढंच सांग, पाण्यावाचून जाते का?"

"दिवसाआड पाणी होतं तेव्हा," प्राजक्ता कसंबसं म्हणाली.

"मग पंप रोज चालू ठेव. नगरसेविका आहेस ना तू?"

आराखड्यावर मतदान व्हायचं होतं त्या सभेत प्राजक्ता दुरुस्ती घेऊन उभी राहिली. माळाचा पंप पाचही वर्षं रोज चालावा, आणि त्यासाठी सगळ्या गावाची पाणीपट्टी थोडी वाढवावी. थोडी म्हणजे घरटी महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाएवढी.

"पट्टी वाढू नये म्हणून तर हे सगळं केलं," एक नगरसेवक पुटपुटला.

"नियमाप्रमाणे दुरुस्ती छायाघरांवर चालवून बघावी लागेल," तांबोळी म्हणाले.

केतकीने आकडे भरले. भिंतीवर गावाचा नकाशा उजळला, घरटी एक ठिपका, आणि पाच वर्षं त्यावरून सरकत गेली. वरचा माळ पहिल्या वर्षी थोडा फिका झाला, मग सावरला. शेवटच्या वर्षापर्यंत तिथले बहुतेक ठिपके पेटलेले होते. प्राजक्ताने किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मग खाली, ओढ्यालगत, नकाशाच्या एका कोपऱ्यात काही ठिपके विझले.

"ते काय आहे?" श्रीनिवास गाजूल यांनी विचारलं. ते साळी गल्लीचे नगरसेवक. वयस्क, एरवी सभेत फारसं न बोलणारे.

"साळी गल्ली," केतकी म्हणाली. "तिथे काही घरांचा खर्च आत्ताच जेमतेम भागतो. पट्टी वाढली की ती पाणी कमी वापरतात, मग आजारपण येतं, मग कामाचे दिवस बुडतात. मोजकीच घरं आहेत."

"मोजकी म्हणजे कुणाची?"

"नावं सांगता येत नाहीत. कायद्याने बंदी आहे."

"त्यांना माफी देता येईल की पट्टीतून," प्राजक्ता घाईने म्हणाली.

"कोणती घरं ते उघड केल्याशिवाय माफी कशी द्यायची?" तांबोळी म्हणाले. "आणि सगळ्या गल्लीला माफी दिली तर पंपाचा खर्च भागत नाही. आराखडा करताना तेही चालवून बघितलं होतं. दुसरीकडचे ठिपके विझतात."

गाजूल उठून नकाशाजवळ गेले. विझलेल्या ठिपक्यांवर त्यांनी बोट ठेवून पाहिलं, पण नकाशा लहान होता आणि गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली. ते वळले. "प्राजक्ताताई, माळाला पाणी मिळावं, मला मान्य आहे. पण आता हे बघितल्यावरही तुमचा हात वर जाणार आहे का?"

तिला सासूबाईंचा तांब्या दिसला. एकटीने कळशी भरणारी ती लाल रेषा दिसली. त्या क्षणी साळी गल्लीतला एकही चेहरा तिला आठवेना, आणि आठवू नये असंच तिला वाटत होतं. तिने हात वर केला. दुरुस्ती एका मताने मंजूर झाली.

माळावरच्या बऱ्याच पाट्या उतरल्या. किराणा दुकान पुन्हा भरलं. सासूबाई पहाटे उठून गुळण्या करत, आणि त्यांचा आवाज ऐकूनच प्राजक्ता अंथरुणातून उठे. सुशांत मात्र आला नाही. ओवीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं होतं. "बघू वर्षभर," तो फोनवर म्हणाला. केतकीने विचारलं, तुमचं छायाघर नव्याने बघायचंय का? प्राजक्ता नको म्हणाली. फोन ठेवल्यावर ती पायरीवरच बसली.

नवी पट्टी लागू झाली त्याच आठवड्यात तिला साळी गल्लीत गेल्याशिवाय राहवेना. ती मोजकी घरं कोणती हे तिला शोधायचं होतं. कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाचा माग बंद आहे, कुणाला माळावरच्या खानावळीत काम देता येईल. यंत्राने धरलं नसेल असं काहीतरी आपण करू शकू, एवढ्याच आधारावर ती निघाली होती. पिशवीत तिने पाच-सहा घरांपुरते लाडू घेतले होते. रिकाम्या हाताने कसं जायचं?

दुपारची वेळ होती. मागांचा खडखडाट गल्लीभर चालू होता. पण ती पहिल्या दारापाशी पोचली तसा आतला माग थांबला. दार आतून लोटलं गेलं. दुसऱ्या घरातल्या बाईने खेळणाऱ्या मुलाला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. प्राजक्ता पुढे चालली तशी एकेक दार मिटत गेलं. ठिपके विझणार ही गोष्ट गल्लीला कळली होती. वरच्या माळाची नगरसेविका सगळं बघून आली आहे, हेही कळलं होतं. ती ज्या दारात उभी राहील ते घर विझणाऱ्यांतलंच असणार, असं लोकांनी धरलं होतं.

गल्लीच्या टोकाला एक दार अर्धवट उघडं राहिलं. आत पंचविशीची एक मुलगी कडेवर तान्हं बाळ घेऊन उभी होती. तिने दार पूर्ण लावलं नाही, पण प्राजक्ताला उंबऱ्याच्या आतही येऊ दिलं नाही. पिशवीकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. बाळाला तिने इतकं घट्ट धरलं होतं की ते कुरकुरायला लागलं.

"घाबरू नकोस," प्राजक्ता म्हणाली. "मी सहज आलेय."

"इथे सहज कुणी येत नाही, ताई." मुलीचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "बाकीची दारं सोडून आमच्याच दारात का थांबलात? आमचं घर आहे का त्यात?"