दगडावर नसलेल्याची हजेरी

भुतं रात्रीच येतात असं कुणी ठरवलं कोण जाणे. आमच्या गावचं भूत सकाळी अकराला आलं, अगदी वेळेवर, आणि तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण मी फिर्मां तुर्ने, वय चौऱ्याहत्तर. चौथीनंतर शाळेने मला सोडलं, आणि पाद्रीबुवांच्या घंटेला बूट बांधण्यापासून इंग्रज पर्यटकांची बस डुकरांच्या बाजारात पाठवण्यापर्यंत गावातली सगळी पापं माझ्याच नावावर आहेत. बहुतेक खरी आहेत.

काम साधं होतं. अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध संपलं त्या तारखेला, युद्धात मेलेल्यांच्या दगडापाशी सगळं गाव जमतं. मेयर एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावानंतर गाव एका सुरात म्हणतं, "फ्रान्ससाठी कामी आला." तेवीस नावं, आडनावांच्या क्रमाने. यादी टाइप करते मेयरच्या ऑफिसातली जीलेन. त्या वर्षी ती तापाने आडवी झाली, म्हणून आदल्या दिवशी मी गेलो तिच्या जागी. एका बोटाने टाइप केली.

चोविसावं नाव मी घुसवलं, क्रमाने शेवटून दुसरं. आरिस्तीद तुर्ने, माझा काका.

एकोणीसशे सतरा साली त्याच्या तुकडीला चौथ्यांदा त्याच टेकडीवर चढायला सांगितलं. तो पळाला नाही. बसून राहिला आणि म्हणाला, आता नाही. आपल्याच लोकांनी त्याला खांबाला बांधून गोळ्या घातल्या. म्हणून तो दगडावर नाही. माझा बाप जन्मभर त्या दिवशी बेकरीच्या दारात दगडाकडे पाठ करून उभा राहायचा. मी नंतरचा, मी काकाला पाहिलेलं नाही. पण माझी थोरली बहीण क्लेमांसताई तेव्हा सात वर्षांची होती, त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेली. आता ती शहाऐंशीची, आणि डॉक्टरने नाताळपर्यंतची मुदत दिलेली. तिचं मागणं एकच. ते नाव तिथे एकदा घेतलेलं ऐकायचं, आणि गावाच्या तोंडून उत्तर.

सप्टेंबरात आम्हा म्हाताऱ्यांची सहल बसने तीन देश फिरली. स्मारकं बघून बघून पायांचे तुकडे पडले. सीमेपलीकडच्या एका खेड्यात मात्र दगडाच्या तळाशी एक नाव नव्याने कोरलेलं दिसलं, अक्षरं अजून पांढरी. तिथली बाई म्हणाली, हा गोळ्या घातलेला, आम्ही हात वर करून ठरवलं.

परत येऊन मी कौन्सिलपुढे तेच मागितलं. मेयर गोंत्रां विल्योम म्हणाले, "फिर्मांकाका, यादीत शेवटचं नाव माझ्या आजोबांचं आहे. तोफेने त्यांचं प्रेतसुद्धा ठेवलं नाही. त्यांच्या शेजारी पळपुटा उभा राहणार नाही." मत घेतलं. माझ्या बाजूने एकच हात वर झाला, तोही प्रेक्षकांतून माझाच, आणि तो मोजला नाही.

म्हणून ही युक्ती. मेयरना वाचायची सवय, गावाला उत्तर द्यायची. एकदा सगळं गाव बोलून बसलं की कुठलं कौन्सिल ते परत गिळायला लावणार?

त्या सकाळी चौक मोकळा होता, पण पलीकडची बिटाची शेतं धुक्यात पार बुडालेली. कुजक्या पाल्याचा वास सुटला होता. ताईची व्हीलचेअर मी पहिल्या रांगेत लावली. नावं सुरू झाली, उत्तरं पडत गेली, संथ, झोपाळू.

"आरिस्तीद तुर्ने," मेयरनी वाचलं आणि अडकले. कागद डोळ्यांजवळ नेला. गावाची उघडलेली तोंडं तशीच राहिली.

त्या शांततेत शेतातून आवाज आला. "हजर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"फिर्मांकाका, आज तरी थेरं नकोत," मेयर दातांतून म्हणाले. मी तोंड उघडून दाखवलं. जिभेवर खोकल्याची गोळी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी निर्दोष होतो आणि एकही माणूस मानेना.

ताईने माझी बाही धरली. "फिर्म्या... तोच आहे रे. असाच नाकात बोलायचा..."

भ्यालो. खोटं कशाला बोलू. पण मेयर पुढच्या नावाकडे वळलेले दिसले आणि डोकं फिरलं. म्हटलं, आधी ह्याचं उत्तर. आणि मीच ओरडून नाव घेतलं.

"हजर..."

आता कुंपणापाशी. चिखलातून बूट उपसल्याचा आवाज आला आणि थांबला. ओल्या लोकरीचा वास आमच्या रांगेवरून सरकत गेला. आता कुणी हसत नव्हतं.

"ह्याला आजवर कुणी मेला म्हटलंच नाही," मी गावाला म्हणालो. "म्हणून अजून हजेरी देतोय. बोला. नाहीतर जातो मी घरी, तुम्ही न्या त्याला तुमच्या घरी जेवायला."

पहिली ताई बोलली, फाटक्या आवाजात. मग बेकरीवाला. मग सगळं गाव, झोपाळू नव्हे, खणखणीत. "फ्रान्ससाठी कामी आला."

धुकं गप्प झालं. ताईने बाही सोडली. तिचे गाल ओले होते आणि ती माझ्याकडे बघून लहान पोरीसारखी हसत होती. म्हटलं, झालं. चला आता, कौन्सिलची फुकटची वाइन प्यायला.

पण यादीत एक नाव उरलं होतं. मेयरना कसंही करून संपवायचं होतं. घाईघाईने त्यांनी वाचलं, "एक्तॉर विल्योम."

गावाने श्वास घेतला. पण उत्तर फुटण्याआधीच कुंपणापासून तोच नाकातला आवाज आला, शांतपणे, मेलेल्यांचं रजिस्टर वाचल्यासारखा.

"गैरहजर."

आम्ही सगळे शेताकडे बघत होतो. एकटे मेयर बघत होते उलट्या बाजूला, चौकापलीकडे, स्वतःच्या घराच्या पोटमाळ्याकडे. त्या खिडकीची झडप मी जन्मापासून खिळे ठोकून बंदच पाहिली आहे.

ती उघडी होती. आणि आतून कुणीतरी ती हळूच ओढून घेत होतं.