हात न मिळवणारी माणसं

लंडनमधली माझी पहिली केस उभी राहण्याआधीच आडवी झाली. केस म्हणजे, कागदांची बॅग. फेटर लेनच्या वळणावर तिचं चाक निखळलं, भुरभुर पाऊस चालूच होता आणि माझ्या चार जाडजूड फायली फुटपाथवर पसरल्या. मी वाकणार तेवढ्यात एका उंच माणसाने माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि दुसऱ्या हाताने तीन फायली उचलून काखेत मारल्या.

कोर्टाच्या दारात आल्यावर त्याने फायलीवरचं नाव पाहिलं आणि हसला.

"पंचाईत झाली... मी यांच्याच विरुद्ध उभा आहे."

मी फायली जवळजवळ हिसकावून घेतल्या.

"घाबरू नका. समोरच्याचे कागद हातात आले तरी आपण वाचत नाही. नाव तेवढं वाचलं — तुमचं असेल म्हणून."

मला हसू आलं. मी हात पुढे केला. "नेस्टा प्रॉसर. भेटून आनंद झाला."

त्याने मोकळा हात खिशात घातला. माझा हात तसाच हवेत.

"फर्गस हॉल्डेन. पण बॅरिस्टर एकमेकांशी हात मिळवत नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"का, रोग लागतो?"

"हातात हत्यार नाही हे दाखवायला लोक हात मिळवायचे, म्हणे. आपला एकमेकांवर विश्वास असतो, त्यामुळे गरज नाही. अशील, साक्षीदार, बाहेरचे लोक — त्यांच्याशी खुशाल मिळवा."

"मग आपली ओळख झाली हे कळणार कसं?"

"कॉफीने," तो म्हणाला. "चार वाजता."

ती केस मी हरले. कॉफी त्याने पाजली.

पुढे वर्षभरात मी त्याच्याच चेंबर्समध्ये, बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीत, आले. एका छताखाली बसायचं, एका किटलीतला चहा प्यायचा आणि कोर्टात एकमेकांची सालटी काढायची, याचं आमच्या धंद्यात कुणाला नवल नसतं. संध्याकाळी टेम्पल या वकिलांच्या वस्तीतल्या बागेत तो माझा हात हातात घ्यायचा आणि मी मुद्दाम तो जोरजोरात हलवायचे. "शेकहँड नको हं, नेस्टा," तो दटावायचा, "धर नुसता." मी धरायचे. स्वान्सीहून एकटी आलेल्या मुलीला धरायला एक हात मिळाला होता. मला तेव्हा सगळं लंडन आपलं वाटत होतं.

मग ऑग्डेन नवरा-बायकोची केस आली. लीड्सजवळ त्यांच्या चार बेकऱ्या. बँकेच्या माणसाने त्यांना व्याजदराचा असा एक करार गळ्यात मारला होता की त्यातून सुटणं कठीण. मी त्यांच्या बाजूने, फर्गस बँकेच्या. आमचं जुळलंय हे दोन्हीकडच्यांना सांगितलं होतं, कुणाची हरकत नव्हती. मिसेस ऑग्डेन तर दर भेटीला त्याच्यासाठीही एक बन आणायच्या.

सुनावणीला आठवडा असताना फर्गसची ईमेल आली. तो मला दिवसातून इतक्यांदा लिहायचा, की पत्ता टाकायला घेतला की त्याचा कॉम्प्युटर आधी माझंच नाव पुढे करायचा. मला वाटलं, जेवायला कुठे जायचं ते असेल. मी उघडली. "आपल्या मुख्य साक्षीदाराची गोष्ट टिकणार नाही..." पुढच्या दोन ओळी नजरेखालून गेल्या आणि मी ती झटकन बंद केली. तो बँकेच्या सॉलिसिटरला लिहिलेला गुप्त सल्ला होता.

अशा वेळी काय करायचं हे आमच्यातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. वाचणं थांबवायचं, कागद परत करायचा आणि दोन्हीकडच्या सॉलिसिटरना लेखी कळवायचं. मी सरळ फर्गसला बागेत बोलावलं. तो पांढराफटक पडला होता.

"लिहू नकोस, नेस्टा."

"लिहावंच लागेल."

"बँक मला पुन्हा उभं करणार नाही. यंदा माझा रेशमी झग्याचा अर्ज आहे... ज्येष्ठ वकील व्हायची ही वेळ गेली तर गेलीच. तू ती पुसून टाक. तू आणि मी, तिसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही." त्याने माझा हात धरला. "माझ्यावर विश्वास आहे ना?"

होता. मी पुसून टाकली.

कोर्टात बँकेचा तो साक्षीदार माझ्या एका प्रश्नावर कोसळला. एका फोनच्या तारखेबद्दलचा साधा प्रश्न. माझ्या वहीत तो तीन आठवड्यांपूर्वीच लिहिलेला होता, पण वही माझी, अक्षर माझं, कोण ऐकणार? बँकेला वास आला. त्यांनी चौकशी लावली, आणि ईमेल सापडली.

चेंबर्सच्या प्रमुखाने मला खोलीत बसवून फर्गसचं पत्र वाचायला दिलं. पत्रात एक शब्द खोटा नव्हता. ईमेल चुकून गेली होती. नेस्टाने ती पुसल्याचं मला सांगितलं होतं. बाकीचे नियम तिने पाळले का, ते मी विचारलं नाही. बागेचा, बाकाचा, "लिहू नकोस"चा पत्रात पत्ता नव्हता.

प्रमुखाने विचारलं, तुला काही सांगायचंय?

मी नाही म्हणाले. प्रेमापोटी, असं तेव्हा स्वतःला समजावलं. तो आपणहून येईल, सांगेल, असंही वाटत होतं. मूर्ख होते मी, दुसरं काय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशानेच दोर नेऊन दिला.

माझी सनद वर्षभरासाठी गेली. ऑग्डेनांची केस नव्या वकिलांपुढे पहिल्यापासून सुरू झाली. मिसेस ऑग्डेननी मला एक अक्षर लिहिलं नाही, आणि ते मला फर्गसपेक्षा जास्त लागलं.

सामान न्यायला गेले त्या दुपारी रंगारी दारावरच्या नावांची पाटी नव्याने रंगवत होता. फर्गसचं नाव वर चढलं होतं. माझ्या नावाच्या जागी ओला रंग होता. आमचा म्हातारा क्लार्क टेरेन्स माझं खोकं उचलून जिन्यापर्यंत आला.

"मिस, चाळीस वर्षं मी या लोकांना कामं वाटतोय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही एकट्याने असलं काही करणार नाही, हे मला कळतं. पण तुम्ही बोलला नाहीत."

मी काही बोलणार, तेवढ्यात वरून पावलं वाजली. फर्गस. टेरेन्स खोकं ठेवून निघून गेला.

"नेस्टा... मी कधीच म्हटलं नाही की चौकशीत गप्प राहा. तू सांगू शकली असतीस."

"हो."

"मग आता... सांभाळून राहा." आणि त्याने हात पुढे केला.

सरळ, ताठ, अशिलापुढे करतात तसा. आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पाच वर्षांत हा हात मी कितीदा धरला होता, पण त्याने माझ्याशी तो मिळवला कधीच नव्हता.

मी त्याचा हात हातात घेतला आणि नीट हलवला.

"नेस्टा प्रॉसर," मी म्हणाले. "भेटून आनंद झाला."