पहिल्या बाकावरची जागा

शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाते. अंबरनाथला नवीनच राहायला आलात ना, होईल सवय. थांबा, मेणबत्ती लावते. चहाही टाकलाय. फक्त त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर नका बसू. इकडे या, माझ्या शेजारी.

मी सव्वीस वर्षं इथल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवलं. शुक्रवारचा शेवटचा तास मात्र मॉरल सायन्सचा असायचा. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं वह्या उचलून तिसऱ्या मजल्यावर, चॅपेलशेजारच्या खोलीत जायची. तिथे सिस्टर इमेल्डा त्यांना प्रार्थना आणि बायबल शिकवायच्या. बाकीची हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलं खाली पहिल्या मजल्यावर माझ्याकडे. खरं बोलावं, दुसऱ्याचं दुःख ओळखावं, असलं काही मी त्यांना सांगायचे. त्या तासाला हजेरी नसायची. कोण वर आणि कोण खाली, हे आडनावावरूनच कळतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

नववीत जिज्ञासा लोपीस नावाची मुलगी होती. वडील कॅथलिक, पण ती लहान असतानाच वारले. आई द्रौपदी बौद्ध. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायची आणि उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात दोरे कापायची. मुलीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. लोपीस आडनाव, म्हणून मला वाटायचं ही वर जाते. बाप्तिस्मा नाही, म्हणून सिस्टरना वाटायचं ही खाली असते.

दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यू होऊन चार दिवसांत ती गेली. चौदा वर्षांची पोर.

शाळा उघडल्यावर तिची आई लायब्ररीचं पुस्तक परत द्यायला आली. ते देऊन झालं तरी जाईना. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

“वृंदा मिस तुम्हीच का?” माझ्याकडे बघत ती म्हणाली. “शुक्रवारी घरी आली ना, की तुमचंच चालू व्हायचं तिचं. आज मिसनी हे सांगितलं, आज ते सांगितलं. तुम्ही तिला पहिल्या बाकावर बसवायच्या ना? एकदम तुमच्या समोर?”

समोर सिस्टर इमेल्डा वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोघींनाही एकदमच कळलं.

“हो,” मी म्हणाले. “अगदी समोर. फार गुणी होती.”

बाईने माझा हात कपाळाला लावला. खोटेपणा जाईना म्हणून तो हात मी त्या दिवशी किती वेळा धुतला असेल.

ती गेल्यावर आमच्या शाळेतल्या मावशी, बनूबाई, म्हणाल्या, “ती लोपीस ना? ती जिन्यातच बसायची की शुक्रवारची. दुसऱ्या माळ्याच्या वरच्या वळणावर. मला वाटलं, तुम्हीच शिक्षा दिलीय.”

जून ते दिवाळी. वरून सिस्टरांची प्रार्थना ऐकू येत असणार, खालून माझा आवाज. आणि ती मध्ये दगडी पायरीवर बसून माझे धडे पाठ करत असणार, घरी आईला सांगायला.

पुढच्या शुक्रवारी लाइट गेलेली होती, पंखे बंद. पहिल्या बाकावर हिमानी बसायची. ती अगदी टोकाला सरकून बसली होती, अर्धी बाकाच्या बाहेर.

“हिमानी, नीट बस ना. पडशील.”

“मिस, जागा कुठंय?”

बाकावर तिच्याशिवाय कोणीच नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेले आणि मला वास आला. आमच्या जिन्याचा वास, फिनेलचा आणि ओल्या दगडाचा. भर वर्गात.

“कोण बसलंय तिथे?” मी हळूच विचारलं.

हिमानीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी विसरले आहे. “मिस... तुम्हीच म्हणालात ना, ती समोर बसते म्हणून.”

मी ते स्टाफरूममध्ये म्हटलं होतं. हिमानी तिथे नव्हती.

त्या दिवशी मला धडा सुचेना. तोंडाला येईल ते बोलले. माझं माहेर जांभूळ गावचं. लहानपणी माझ्या आईने विहिरीत पडलेलं मांजराचं पिल्लू दोरीला टोपली बांधून वर काढलं होतं, ती गोष्ट सांगितली. पिल्लू वाचलं, दूध प्यायलं, असं सांगून तास संपवला. “चला, शाळा सुटली,” म्हटलं, तेव्हा हिमानी सुटकेचा श्वास टाकून बाकाच्या मधोमध सरकली.

दुसऱ्या दिवशी मी विठ्ठलवाडीला गेले. खरं काय ते सांगून टाकायचं, पाया पडायचं, असं ठरवून गेले. खोटं बोलून मी त्या पोरीला जागा दिली होती आणि आता मला तिची भीती वाटत होती.

द्रौपदीने पाट दिला, पाणी दिलं. मी म्हणाले, “त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं ना...”

“मिस, ते पिल्लू मेलं ना पण?” ती मध्येच म्हणाली.

“कुठलं पिल्लू?”

“विहिरीतलं. काल सांगत होती ना जिज्ञासा. बोलली, मिसनी वर्गात सांगितलं वाचलं म्हणून. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं. खरं तर रात्रीच मेलं ते.”

खरं होतं. रात्रीच मेलं होतं. मी ते वर्गात काय, जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

“येते ती...?” मी विचारलं.

“शुक्रवारची येते. तुमचं जे झालं असेल ते सांगते, मग जाते. तेवढाच तर आधार आहे मिस मला.” तिने पदराने डोळे पुसले. “तुम्ही काय सांगत होता?”

काय सांगणार होते मी? म्हणाले, “काही नाही. सहज आले होते.”

तसं शाळेचं उरलेलं वर्ष गेलं. दर शुक्रवारी मी बाकाच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे बघून शिकवायचे. आधी भीत भीत, मग मन लावून. इतकं चांगलं मी पूर्वी कधीच शिकवलं नव्हतं. मार्चमध्ये मी रिटायर झाले, तेव्हा द्रौपदीचा फोन आला. “मिस, ती विचारतेय, आता ती कुठे बसेल?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्याकडे पाठवा.”

आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. शौनक, माझा मुलगा, परदेशात. या घरात आठवडाभर माझ्याशी कोणी बोलत नाही, कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. फार एकटं वाटतं हो, लपवायचं कशाला. शुक्रवारी चार वाजले की मी साडी बदलते आणि त्या खुर्चीसमोर बसून शिकवते. फिनेलचा वास आला की जिवाला बरं वाटतं. पाच वाजता म्हणते, “चला, शाळा सुटली.” वास जातो. सात वाजता द्रौपदीचा फोन येतो, आज मी काय शिकवलं ते ती मला सांगते.

चार शुक्रवारांपूर्वी पाच वाजले आणि मला ते वाक्य म्हणवेना. वाटलं, थोडा वेळ बसू दे अजून. सहा वाजले. सात वाजता फोन आला.

“मिस, अजून आली नाही हो ती.”

“येईल,” मी म्हणाले.

तेव्हापासून ती इथेच आहे. अजून मी तिला सुट्टी दिलेली नाही. काल दुपारी खुर्चीतून पहिल्यांदाच आवाज आला. बारीक, अदबीचा. “मिस... घरी जाऊ?”

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मेथी निवडत बसले. तशी मला सवय आहेच, तिला न पाहण्याची.

फोन वाजतोय ना? वाजू दे. द्रौपदीच असणार. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

आणि हे काय, असे सोफ्याच्या टोकाला का सरकलात? नीट बसा की. भरपूर जागा आहे.