गलबताच्या पोटातला ठोका

ही घडलेली गोष्ट आहे. शोभेसाठी मी तिला एक शब्दही जोडलेला नाही. उलट काही काढून टाकले, कारण ते लिहवेनात.

सुमंत माझा मावसभाऊ. जुन्या लाकडाचं जतन हा त्याचा आणि त्याच्या बायकोचा, नीलांबरीचा, व्यवसाय.

गेला वैशाख. भिंगार गावाच्या कडेचं एक पत्र्याचं गोदाम. रात्र नव्हती, रणरणती दुपार होती.

गोदामात एक जहाज होतं.

कोकणातल्या खाडीच्या गाळातून निघालेलं, मराठी आरमाराचं लढाऊ गलबत. सागवानी. वर एक मजला, त्याखाली बंदिस्त पोट, आणि पोटात उतरायला पुढे-मागे एकेक झडप. गोड्या पाण्यात मुरवून त्याच्यातलं मीठ काढलं होतं. किनाऱ्याच्या दमट हवेत ते वाळेना, म्हणून समुद्रापासून दूर, इथल्या कोरड्या हवेत आणलेलं.

"सायेब, आमाला प्यायला टँकर, अन् तुमी जहाज आनलंय!" क्रेनवाला गोरक्ष हसायचा.

त्या दुपारी तो गलबत उचलून नव्या आधारांवर ठेवणार होता. त्याआधी फळ्या तपासणं भाग होतं. एखादी आतून पोकळ निघाली, तर उचलताना सगळंच मोडणार.

दोघांची रीत ठरलेली. सुमंत बाहेरून लाकडी हातोडीनं ठोकायचा. नीलांबरी आत बसून फळीला कान लावायची. आवाज भरीव आला, की आतून एक ठोका द्यायची.

ती आत उतरली असेल, असं समजून त्यानं ठोकलं.

आतून... ठोका.

पुढची फळी. ठोका.

त्याच्या पुढची. ठोका.

अर्धं गलबत झालं, तेव्हा मोबाईल वाजला. पलीकडे नीलांबरी.

"सुमंत, झाकायला मांजरपाट मिळालं. निघालेय बाजारातून. मी येईपर्यंत सुरू करू नकोस हं."

हातोडी त्याच्या हातात तशीच राहिली.

गोरक्षनं बॅटरी घेऊन दोन्ही झडपांतून आत पाहिलं.

"कोनीच न्हाई, सायेब." या वेळी तो हसला नाही.

नीलांबरी आली. ऐकून हसली.

"अरे, उन्हानं लाकूड तडकतं! नाहीतर असेल एखादा खलाशी. लढाईत भोकं बुजवायला माणसं खाली उतरवत. बुडताना झडप उघडायला कुणाला सवड?"

"आत नको जाऊस."

"अर्ध्या फळ्या कुणी तपासल्या, हे ठाऊक नसताना क्रेन लावणार आहेस?"

ती पुढच्या झडपेतून उतरली, पोटात मधोमध जाऊन बसली.

त्यानं ठोकलं. लगेच ठोका आला. त्याला हायसं वाटलं.

"सुमंत..." आतून तिचा आवाज. बारीक. कोरडा. "मी अजून ठोकलंच नाहीये."

मग कुणी न ठोकताच ठोके येऊ लागले. पुढच्या झडपेकडून... एकेक फळी ओलांडत... तिच्या दिशेनं.

"ताई, भायेर या!" गोरक्ष ओरडला.

ठोके थांबले.

सुमंत शिडी चढून पुढच्या झडपेवर पालथा पडला. खांद्यापर्यंत हात अंधारात घातला.

"नीलू, हात दे!"

हात मिळाला.

थंड... ओला. त्या भाजून निघालेल्या दुपारी कुठेच उरली नव्हती, एवढी ओल त्या बोटांत होती. त्यानं होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. कुणीतरी वर येत होतं. जड... गाळानं भरल्यासारखं.

"सुमंत, मी इथे आहे."

आवाज पाठीमागून आला.

नीलांबरी खाली, गोरक्षच्या शेजारी उभी होती. धापा टाकत. मागच्या झडपेतून ती बाहेर पडली होती.

सुमंतच्या मुठीतला हात घट्ट झाला.

त्यानं ती बोटं सोडवली. एकेक करून.

आत काहीतरी पडलं. पाण्यात पडावं, तसं.

आत पाणी नव्हतं.

गोरक्षनं क्रेन परत नेली. दुसरा कुणी आला, गलबत उचललं गेलं. एकही फळी मोडली नाही. नीलांबरी या विषयावर बोलत नाही.

सुमंत माझ्याशीच बोलतो, आणि दर वेळी एवढंच.

"त्यानं मला आत ओढलं नाही रे. एकदाही नाही. तो नुसता वर येऊ पाहत होता."