खाण्याच्या वहीतलं एक पान

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जोराची सर आली आणि समिधा भोईर वडापावच्या गाडीच्या ताडपत्रीखाली शिरली. काखेत तीन तक्ते होते. वरच्या तक्त्यावर लिहिलं होतं — तळलेलं टाळा.

"तक्ते द्या हिकडं, मॅडम," कढईमागून साईनाथ कराळे म्हणाला. "तसं भिजले तर बरंच हाय... आमच्यावरचं बालंट जाईल वाहून."

तिला हसू आलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"एक द्या. पण पटकन."

"चटणी लावू? का तीबी टाळायची?"

शाळेची चारची छोटी सुट्टी होती. निम्मी नववी बघत होती.

समिधा शिळफाट्याची. कडाव भागातल्या तीन शाळांना ती आरोग्य शिकवायची. नेमणूक अकरा महिन्यांची, संपायला तीन आठवडे उरलेले. या शाळेतली मुलं चिप्स आणि थंड पेयांवर दिवस काढत, डबे भरलेलेच घरी जात. म्हणून त्याच सोमवारी तिने नववीला 'खाण्याची वही' सुरू करून दिली होती. काय खाल्लं, किती वाजता, सोबत कोण, कसं वाटलं. नियम दोनच. खोटं लिहायचं नाही. पान फाडायचं नाही. शुक्रवारी या वह्या बघून मुख्याध्यापक गायकर सर फाटकासमोरची गाडी ठेवायची की हटवायची ते ठरवणार होते.

मंगळवारी ती साईनाथला भेटली. हे सगळं स्पष्ट सांगितलं. तो गाडीवर टांगलेल्या चिप्सच्या माळांकडे बघत राहिला.

बुधवारी माळा नव्हत्या. पातेल्यात उकडलेल्या शेंगा होत्या, वाफ निघत होती.

"पोरं इचारतात, दादा, तू आजारी हाय का," तो म्हणाला.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, हाय थोडा... सोमवारपासनं."

गुरुवारी चारच्या सुट्टीत समिधा पुन्हा आली. तो शेंगा सोलून तिच्या तळहातावर दाणे ठेवत होता. एकदा बोट तिथेच थांबलं — क्षणभरच.

शुक्रवारी साडेतीन वाजता शिक्षकांच्या खोलीत समिधाने नववीतल्या पारूची वही उघडली.

'गुरुवार, ४.१५. उकडलेल्या शेंगा, दोन मुठी. सोबत कोण: मॅडम आणि साईनाथदादा. दादा मॅडमना शेंगा सोलून देत होता. मॅडमनी सोमवारी वडापाव खाल्लेला. कसं वाटलं: मॅडम लाजल्या. मला शेंगा आवडल्या. चिप्सची आठवण आली नाही.'

चौतीस वह्यांत चिप्स सुटल्याची ही एकच नोंद होती. तिच्या कामाचा पुरावा हाच, आणि तिला घरी बसवायलाही हेच पान पुरे होतं.

सुट्टी संपून मुलं वर्गात गेल्यावर तिने गाडीपाशी जाऊन वही साईनाथपुढे धरली. "वाचा."

तो वाचताना हसला, मग हसू गेलं. "फाडा की. एक पान तर हाय."

"आणि मुलांना काय सांगू?"

"नोकरी जाईल ना तुमची!"

"ठेवलं तर निदान तुमची जागा वाचेल कदाचित."

"जागेचं काय, रस्त्यापलीकडं मिळंल. तुमी..." त्याने गॅस बंद केला. "तुमी परत कुठं मिळणार?"

कढईतलं तेल हळूहळू शांत झालं.

"हे आधी का नाही बोललात?"

"तीन आठवड्यांनी जाणाऱ्या माणसाला काय बोलायचं?"

समिधाने वही मिटून छातीशी धरली. "पारू खोटं लिहीत नाही," ती म्हणाली. "लाजले होते मी."

तो बघतच राहिला. तोवर ती फाटकातून आत गेली होती.

पावणेपाचला चौतीस वह्या गायकर सरांच्या टेबलावर होत्या. पारूची सगळ्यात वर, पान शाबूत. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"कराळेलाही बोलवा."

साईनाथ हात धुऊन आला, तरी बेसनाचा वास होताच. सरांनी दोघांना काही विचारलं नाही.

"बाहेर बसा," ते म्हणाले आणि शिपायाकडून पारूला वर्गातून बोलावून घेतलं.

बाहेर एकच बाक होता. दोघांच्या मध्ये समिधाची पिशवी होती.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"लय."

पाचची घंटा झाली. नववी बाहेर पडली, दोघांकडे बघून कुजबुजली, पांगली. समिधाने पिशवी उचलून खाली ठेवली. साईनाथ सरकला नाही. तीच थोडी त्याच्याकडे सरकली.

आतून पारूचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पाच वाजून वीस मिनिटांनी दार अजून बंदच होतं.